पांढरी बारूद

आयडाने काडतूस मुठीत उभं धरलं, गोळीचं नाक पकडीच्या तोंडात दिलं आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तसं हलकेच पिळलं. गोळी कुरकुर न करता सुटून आली. शिशाची, बोटाच्या दोन पेरांएवढी, बुडाशी मेण आणि चरबीने माखलेली. तिने ती वर्तमानपत्रावर निजवली आणि कान आतल्या खोलीकडे लावला.

ऑरिन घोरत होता. त्याचं घोरणं साधंसुधं नव्हतं. एका हिवाळ्यात त्या आवाजाने कौलांवरचा बर्फ घसरला आणि खाली उभी असलेली शेजारच्या मर्लची गाडी वसंत येईपर्यंत सापडली नाही, असं सांगतात. सांगतात म्हणजे ऑरिनच सांगायचा.

त्या खोऱ्यात खोटं बोलणारे पुष्कळ होते, पण ऑरिन स्कोगलँडच्या पंगतीला बसेल असा एकही नव्हता. आता आयडाच्या समोर पडलेला तो लोखंडी अडकित्ताच घ्या. दिसायला सुपारी फोडायचा वाटावा, पण त्याच्या एका टोकाला काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी जुनी केप ढकलून काढायची सोय, दुसरीकडे नवी बसवायची, आणि जबड्यात गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत दाबून बसवायची खाच. सव्वाशे वर्षांपूर्वीचं हत्यार. "आजोबांनी हा एका अस्वलाकडून पत्त्यांत जिंकला," ऑरिन सांगायचा. "अस्वल पत्ते लपवत होतं. पण आजोबांच्या बाह्या जास्त रुंद होत्या." जुन्या लांब नळीच्या रायफलीतून सुटलेली जड गोळी अशी रमतगमत जाते की बार काढावा, कॉफी ओतून घ्यावी, फुंकर मारून दोन घोट घ्यावेत, आणि मग डोंगराच्या पायथ्याशी नेमासाठी उभा केलेला लोखंडी मेंढा 'ठण्ण' म्हणतो. हेही त्याचंच.

मागच्या शिशिरात एकदा मर्लने, नुसती कळ काढायची म्हणून, विचारलं होतं, "काय रे, हा अडकित्ता तुझ्या आजोबांना मिळाला कुठून?"

ऑरिनने त्या हत्याराकडे बराच वेळ पाहिलं.

"दुकानातून विकत घेतला असेल," तो म्हणाला.

मर्लने हातातला कप खाली ठेवला. आयडा चुलीकडे वळली आणि जे ढवळायचं नव्हतं ते ढवळत राहिली. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव पुढे तीन महिन्यांनी दिलं. तिला ते त्या दिवशीच कळलं होतं. खोटं बोलायला डोकं शाबूत लागतं. काल काय सांगितलं ते आज लक्षात ठेवावं लागतं. ऑरिन खरं बोलायला लागला होता.

तरी हात विसरले नव्हते. रोज जेवण झालं की तो खिडकीशेजारच्या कामाच्या बाकाशी बसे. जुनी केप काढ, नवी बसव, पितळी शिंगीतून माप भरून बारूद घे, हातभर लांब नळीतून ती पुंगळीत सोड म्हणजे कण कणाला लागून बसतो, वर दुधाच्या खोक्यातून कापलेली चकती, वर गोळी, मग अडकित्ता. भरलेली काडतुसं लाकडी पेटीत ओळीने उभी राहात. मे महिन्यात नेमबाजांचा मेळा होता म्हणून भरली. जूनसाठी भरली, ऑगस्टसाठी भरली. आणि दर वेळी, निघायच्या सकाळी, तो टोपी काढून खुंटीला लावे आणि म्हणे, "आज वारा बरोबर नाही."

आता मोसमातला शेवटचा शनिवार उरला होता.

मर्ल सकाळीच बारुदीचा नवा डबा देऊन गेला होता. दारातच उभा राहिला. बुटांना चिखल होता, आणि आयडाच्या फरशीला तो देवळापेक्षा जास्त भीत असे.

"येतोय ना म्हातारा?"

"येणार."

"मे महिन्यातही येणार होता. मागच्या खेपेला तर गाडीत बसून उतरला."

"वारा बरोबर नव्हता म्हणाला."

"अगं आयडा, आपल्याकडे वारा कधी बरोबर होता? माझी टोपी उडाली होती आठवतं? तीन वर्षांनी परत आली, आणि आत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहिलेलं." एवढं बोलून तो थांबला. ही थाप ऑरिनची होती, आणि मर्लच्या तोंडी ती उसन्या कोटासारखी ढगळ वाटली. त्याने आवाज उतरवला. "एक विचारू? रागावू नकोस. त्याने भरलेलं काडतूस तू स्वतः झाडशील?"

आयडाने त्याच्या हातातला डबा घेतला.

"एखाद्यात बारूद घालायचीच विसरला असेल. नाहीतर अर्धीच घातली असेल, आणि मध्ये पोकळी राहिली असेल. नळी फुटते त्याने. आणि तू बसणार त्याच्या खांद्याला खांदा लावून, दुर्बीण डोळ्याला."

"म्हणून तर डबा मागवला तुझ्याकडून. सगळी उकलते, आणि मी भरते नव्याने. त्याला कळायचं नाही."

"म्हणजे तू खोटं बोलणार?" मर्लला हसूच आलं. "तू?"

"बोलणार कशाला? गप्प बसेन."

हसू येण्यासारखंच होतं ते. मेळ्यात प्रत्येक नेमबाजाशेजारी एकजण दुर्बीण घेऊन बसतो आणि गोळी कुठे गेली ते सांगतो. काळ्या बारुदीचा धूर असा दाटतो की झाडणाऱ्याला स्वतःचा अंगठा दिसत नाही, मेंढा कुठला दिसायला. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ऑरिनशेजारी ती जागा आयडाची होती. तिने 'चुकली' म्हटलं की चुकली. गोळीचा वारा लागून मेंढा हलला, डुलला, असली दयामाया तिच्याकडे नव्हती. ऑरिन म्हणे, "मी दिवसभर थापा मारतो आणि ही त्या मोजून परत करते."

तेवढाच एक शनिवार तिला हवा होता. मुलगी, जोलीन, रविवारी येणार होती आणि रायफल, शिसं, बाक, सगळं घेऊन जाणार होती. फोनवर ती रडली होती. "आई, अशा माणसाच्या हाताशी बंदूक? तुझं काही बरंवाईट झालं तर?" आयडा म्हणाली होती, "शनिवार होऊ दे. मग ने." शनिवारी गवतात पालथं पडलेल्या त्याच्या शेजारी बसायचं, त्याच्या कोटाला गंधकाचा वास येईल, आणि बार झाल्यावर तो मान न वळवता विचारेल, "बोल बाई." एवढंच. त्यासाठी मांडलेला हा उद्योग.

तिने पुंगळी उलटी धरली आणि टिचकी मारली. चकती अडून बसली होती. ती टाचणीने उचकटली. रवा सांडला.

त्याचं तिला नवल वाटलं नाही. बारूद थोडी कमी घातली तर वरची जागा रव्याने भरून काढायची, म्हणजे पोकळी राहात नाही. ही जुनी रीत आहे. तिने पुन्हा टिचकी मारली. आणखी रवा आला. न्याहारीच्या लापशीचा, पांढराशुभ्र. मग आणखी. ती काळ्या कणांची वाट पाहात राहिली आणि पुंगळी रिकामी झाली.

दुसरं उकललं. रवा. तिसरं तिने घाईने पिळलं, हाताला शिसं लागलं. रवा. पेटीच्या दुसऱ्या टोकाचं घेतलं, मग खालच्या पेटीतलं, मे महिन्यातलं. वर्तमानपत्रावर पांढरा ढीग वाढत गेला.

आयडा खुर्चीत मागे टेकली. म्हणजे इतकं गेलं होतं सगळं. बारूद आणि लापशी यातला फरकसुद्धा. आणि ती रोज दुपारी भांडी विसळताना मान वळवून त्याच्या पाठीकडे पाहात होती, आणि मनात म्हणत होती, हात तरी शाबूत आहेत. या उन्हाळ्यात रवा भराभर संपत होता. म्हाताऱ्याला भूक लागायला लागली म्हणून तिला बरं वाटलं होतं. जोलीनलाही कळवलं होतं तिने, बाबा हल्ली दोनदा लापशी खातात.

तिने तोंडावर हात दाबला. आतलं घोरणं तसंच चालू होतं.

थोड्या वेळाने तिने पुंगळ्या गोळा करायला घेतल्या. निदान केपा तरी काढून ठेवाव्यात, त्या जिवंत असतात, पोरीच्या हाताला लागायला नकोत. पहिली पुंगळी अडकित्त्यात घालण्याआधी तिने बूड उजेडात धरलं, चष्मा खाली ओढला आणि थांबली.

केपेच्या मधोमध एक ठिपका होता, तांब्यात राखाडी. नखाने खरवडला तर शिशाचा पापुद्रा निघाला आणि खाली खळगा दिसला. रायफलीचा खिळा आपटल्यावर पडतो तो. केप वाजून गेलेली होती, कधीची. कुणीतरी ती काढली होती, पुसली होती, खळग्यात शिशाचा कण ठोकून घासून गुळगुळीत केला होता, आणि पुन्हा जागेवर बसवली होती.

दुसरीही तशीच. तिसरीही.

विसरलेला माणूस बारुदीच्या जागी रवा घालील. पण मेलेली केप अशी नटवून परत कोण बसवील? एकेका केपेला अर्धी दुपार लागली असेल.

आयडाने हात लांब करून खुंटीवरची पितळी शिंगी काढली. वजन हलकं वाटलं. चाप दाबून तिने ती तळहातावर उपडी केली. त्यातूनही रवाच आला. बारूद एक कणही नाही, गंधकाचा वासही नाही. आतून धुतलेली होती. वाईट दिवशी हात आपोआप शिंगीकडे गेला, तरी त्यातून दुसरं काही निघू नये, अशी चांगल्या दिवशीच्या ऑरिनने करून ठेवलेली ती तजवीज होती. आणि तो कॉफीचा डबा काखेत मारून दुपारी ओढ्यावर जायचा. ती विचारायची, काय रे काय करतोस तिथे? तो म्हणायचा, माशांना कॉफी पाजतो. तेवढी एक थाप अजून शिल्लक आहे, म्हणून ती हसली होती. डब्यात कॉफी नव्हती, बारूद होती.

तिने बाही वर केली. मनगटावर तो चट्टा होता, भाजल्याचा, एप्रिलमधला. त्या दिवशी ऑरिनने तिला एल्सी म्हणून हाक मारली होती. एल्सी त्याची बहीण, कधीच वारलेली. आणि बोलता बोलता त्याने नळाखाली धुतलेली ओली पळी तशीच गोळ्या ओतायला वितळवलेल्या शिशात बुडवली होती. शिशाजवळ पाण्याचा थेंब नको, हे या कामात पोराला पहिल्या दिवशी कान पिळून शिकवतात. फाटकन आवाज झाला, शिसं उडालं. आयडाने हात बर्फात घातला, सगळ्यांना ओव्हनचं निमित्त सांगितलं, म्हणजे सांगितलं तेही मर्लने 'ओव्हनने भाजलं का?' म्हणून विचारलं तेव्हा नुसती मान हलवून. ऑरिन दुसऱ्या दिवशी काही बोलला नाही. त्याने पुन्हा शिसं वितळवलं नाही, एवढंच. "आहेत की गोळ्या पुरेशा," म्हणाला. तिला वाटलं, कसं वितळवतात ते विसरला, आणि भाजलेलंही विसरला.

घोरणं थांबलं होतं.

ते केव्हा थांबलं हे तिला कळलंच नव्हतं. ऑरिन दारात उभा होता, मोजे घातलेला, एका बाजूचे केस उभे. त्याने बाकाकडे पाहिलं. उघड्या पुंगळ्या, ओळीने निजलेल्या गोळ्या, पांढरा ढीग, मर्लचा डबा. मग तिच्याकडे पाहिलं, उघड्या मनगटाकडे.

आयडाने बाही खाली ओढली.

"सापडलो म्हणायचं," तो म्हणाला.

त्याचे डोळे लख्ख होते. इतके लख्ख तिने वर्षभरात पाहिले नव्हते. तो येऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"किती दिवस कळलं नाही तुला?"

"सगळा उन्हाळा," ती म्हणाली.

"सगळा?" त्याच्या मिशा हलल्या. "तुला? जिला चारशे पावलांवरची माशी दिसते?"

"माझ्या चष्म्याला दोष दे."

"चष्म्याला कशाला? माझं कसब बघ." तो हसला, पोट हलेपर्यंत हसला, आणि तीही हसली. हसता हसता तिचं हसू कुठल्या कुठे गेलं आणि तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला.

"रडू नको गं. अगं, केपांचं काम बघितलंस का? तसं काम माझ्या आजोबाला जमलं नसतं. मर्लला सांगू नको हं."

"नाही सांगत."

"पोरीलाही नको. तिला वाटू दे, बाप अजून खतरनाक आहे."

"ऑरिन, तू मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं?" तो म्हणाला. त्याने गोळी उचलली, बोटांत फिरवली. "सांगितलं असतं तर तू बाकच उचलला असतास. मग दुपारी बसायचं कुठे? तू तिथे भांडी विसळणार, मी इथे. तुझी पाठ दिसते इथून खिडकीच्या काचेत." तो आणखी काही सांगणार होता. तोंड उघडलं. गोळी बोटांत फिरत राहिली, हळू झाली, थांबली.

खिडकीबाहेर वाऱ्याने गवत एका बाजूला झोपवलं आणि सोडून दिलं.

"एल्सी," तो म्हणाला, "माझी काडतुसं कुणी फोडली?"

आयडाने डोळ्यांवरचा एप्रन खाली सोडला.

"कुणी फोडली? शनिवारी मेळा आहे." त्याचा आवाज चढला. हात बाकावर धावू लागले, ढिगातून, पुंगळ्यांवरून. "हे काय आहे? हे सगळं पांढरं काय आहे? यात बारूद कुठंय?" आणि मग त्याला मर्लचा डबा दिसला. झाकण उघडंच होतं. आयडानेच सकाळी उघडलं होतं. आतला काळा चकचकीत दाणा पाहून त्याचा चेहरा निवळला. "ही काय," म्हणत त्याने डब्यात माप घातलं. बाकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्या केपांची डबी होती, तीही तिनेच मागवलेली.

आयडाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ती नको."

"का?"

"ओल धरलीय तिने. मर्लने आणली."

"मर्ल गाढव आहे."

"आहेच."

"मग भरू कशाने?"

त्याच्या हातातलं माप तिने सोडवून घेतलं, डब्यात झाडलं. मग वर्तमानपत्रावरच्या ढिगातून ते काठोकाठ भरलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"ही घे. नवी आलीय."

"पांढरी?"

"हो, पांढरी." कोरे बूट घालून निसरड्यावर उभं राहिल्यासारखं झालं तिला. ऑरिन तिच्या तोंडाकडे पाहात होता, कपाळाला आठी. ती पुढे म्हणाली, "डोंगरापलीकडे खाण लागलीय हिची. हरणं चाटायला येतात तिथे. मागच्या महिन्यात एका हरणाला चाटता चाटता शिंक आली."

"मग?"

"मग काय? ते पलीकडच्या गावात सापडलं. देवळाच्या कळसावर. शिंगं तेवढी अजून उडतायत."

ऑरिनची आठी हळूहळू सैल झाली. पूर्वी मर्ल त्याच्यासमोर बसून ऐकायचा तसा तो ऐकत होता, तोंड किंचित उघडं.

"शिंगं अजून उडतायत," तो पुटपुटला. "धूर होतो हिचा?"

"अजिबात नाही."

"बरं झालं." त्याने माप घेतलं. लांब नळीतून त्याने रवा हळूहळू सोडला, नळीला दोन टिचक्या मारल्या, चकती बसवली, गोळी ठेवली, अडकित्ता दाबला. केप बसवायची राहून गेली होती. आयडाने ते काडतूस त्याच्या हातातून घेतलं, एप्रनने पुसलं आणि पेटीत उभं केलं. दुसऱ्या हाताने तिने केपांची डबी खिशात टाकली. पायाने मर्लचा डबा खुर्चीखाली सारला.

"ते हरणाचं," ऑरिनने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"फार छान सांगतोस तू."

त्याने त्यावर विचार केला. मग खूश होऊन मान हलवली, आणि पुढची रिकामी पुंगळी तिच्यासमोर धरली.